हातचलाखी न येणाऱ्यांसाठी पत्त्यांची जादू

पत्त्यांची जादू शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी आरशासमोर उभे राहतात. तळहातात पत्ता लपवायचा, खालचा पत्ता गुपचूप वर आणायचा, एका हाताने कॅट काटायचा असला सराव सुरू होतो. चौथ्या दिवशी अर्धे पत्ते पलंगाखाली गेलेले असतात आणि नाद सुटलेला असतो. मीही असाच सोडून दिला होता. पुढे कळलं की पत्त्यांच्या प्रयोगांची एक मोठी शाखा अशी आहे जिथे बोटांना काही करावंच लागत नाही. सगळं काम हिशोब करतो.

पण एक गोष्ट आधीच सांगतो. हिशोब पत्ता शोधून देतो, गंमत आणून देत नाही. असे प्रयोग बहुतेक वेळा फसतात ते कंटाळवाण्या मोजणीमुळे. त्यामुळे खाली प्रत्येक प्रयोगाची कृती जितकी महत्त्वाची, तितकंच त्या वेळी काय बोलायचं हेही महत्त्वाचं आहे.

सुरुवातीची तयारी थोडीच. साधा ५२ पत्त्यांचा कॅट घ्या आणि जोकर बाजूला काढा. मग पत्ते खरोखर मोजा. घरातल्या जुन्या कॅटात एखादी चौकटची पंजी हमखास हरवलेली असते, आणि या लेखातले शेवटचे दोन प्रयोग एका पत्त्याच्या कमतरतेनेही कोसळतात. या लेखात 'पालथा' म्हणजे पाठ वर असलेला, 'उताणा' म्हणजे चित्र वर असलेला. 'वरचा पत्ता' म्हटलं की कॅट पालथा धरलाय असं समजा.

खूणपत्ता: इथूनच सुरुवात करा

समोरच्याला कॅट पिसायला द्या. परत घेताना पत्ते नीट जुळवायचे म्हणून कॅटाची लांब कड टेबलावर ठोका, चित्रं तुमच्याकडे ठेवून. सगळ्यात खालचा पत्ता आपोआप तुमच्यासमोर येतो. तो लक्षात ठेवा. समजा किलवरची सत्ती आहे. हाच तुमचा खूणपत्ता.

आता पत्ते पालथे पसरा आणि एक पत्ता निवडायला सांगा. समोरचा तो बघत असताना पसरलेले पत्ते गोळा करा, वरचे साधारण निम्मे उचलून टेबलावर ठेवा. 'तुमचा पत्ता यावर ठेवा.' त्याने ठेवला की हातातले उरलेले निम्मे त्यावर ठेवून द्या. झालं. किलवरची सत्ती आता बरोबर त्याच्या पत्त्याच्या डोक्यावर बसली आहे. हवं तर दोन-तीन जणांना कॅट काटायला द्या, म्हणजे वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि खालचा त्यावर. कितीही वेळा काटला तरी ही जोडी फुटत नाही. पिसायला मात्र देऊ नका.

मग वरून एकेक पत्ता उताणा टाकत चला. सत्ती आली की पुढचा पत्ता त्याचा. क्वचित कधी काटताना नेमका त्या दोघांच्या मधूनच कॅट काटला जातो; तेव्हा सत्ती सगळ्यात शेवटी येते आणि त्याचा पत्ता सगळ्यात पहिला पडलेला असतो. म्हणून पहिला पत्ता कुठला होता हे ध्यानात ठेवायची सवय लावा.

नवशिके इथे एक चूक करतात: पत्ता आला की लगेच 'हाच!' म्हणून थांबतात. तसं करू नका. त्याचा पत्ता पडू द्या, चेहऱ्यावर काही दाखवू नका, आणखी पाच-सहा पत्ते टाका. आपला पत्ता मागे गेला हे त्याला दिसतंय. तुम्ही चुकलात म्हणून तो मनातल्या मनात हसतोय. अशा वेळी पुढच्या पत्त्यावर बोट ठेवून सांगा, 'आता मी जो पत्ता उलटा करीन, तो तुमचाच असणार.' पैज लावायला तो एका पायावर तयार होईल. मग हात मागे नेऊन टेबलावर उताण्या पडलेल्या पत्त्यांतला त्याचा पत्ता उचला आणि पालथा करा. तुम्ही शब्दाला जागलात!

मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा खालचा पत्ता बघायला चक्क मान वाकवली होती. 'काका, खालचा पत्ता बघितलात ना?' असं भाच्याने सगळ्यांसमोर विचारलं. तेव्हापासून मी कड ठोकताना बोलत राहतो. आपण प्रश्न विचारला की माणूस आपल्या तोंडाकडे बघतो, हातांकडे नाही.

एकवीस पत्ते, पण कंटाळा न आणता

हा प्रयोग कुणा ना कुणाच्या मामाला येत असतोच. २१ पत्ते घ्या. डावीकडून उजवीकडे एकेक असे उताणे वाटत तीन उभ्या रांगा करा, प्रत्येकीत सात. समोरच्याने मनात एक पत्ता धरायचा आणि फक्त रांग सांगायची. ती रांग बाकीच्या दोन रांगांच्या मध्ये घालून पत्ते गोळा करा, पालथे करा, पुन्हा तसेच वाटा. असं एकूण तीनदा. तिसऱ्यांदा गोळा केल्यावर त्याचा पत्ता वरून ११वा असतो. वाटताना रांगांमधला क्रम विस्कटू नका, बाकी चूक व्हायला जागाच नाही.

कारण सोपं आहे. पहिल्या उत्तराने २१ पैकी ७ पत्ते उरतात. ते मध्यावर ठेवून पुन्हा तीन रांगांत वाटले की प्रत्येक रांगेत दोन किंवा तीन जातात. तिसऱ्या वाटणीत प्रत्येक रांगेत त्यांतला फार तर एकच जातो, तोही बरोबर मध्यावर. म्हणजे तिसऱ्यांदा रांग सांगताना समोरचा पत्ताच सांगत असतो, त्याला ते ठाऊक नसतं एवढंच.

आता शेवट. अकरा पत्ते मोजून 'हा घ्या' म्हणणं म्हणजे चांगल्या भाजीत मीठ विसरणं. इंग्रजीत अशा ठिकाणी अक्षरं म्हणत पत्ते टाकायची पद्धत आहे. त्या भाषेत एक्क्यापासून राजापर्यंतच्या तेरा नावांच्या स्पेलिंगमधली अक्षरं मोजली तर बेरीज नेमकी ५२ येते, त्यामुळे त्या लोकांचं फावतं. आपल्याकडे ते जसंच्या तसं चालत नाही, पण आपली अक्षरं बोलायला जास्त ठसकेबाज आहेत. हे वाक्य म्हणा, एका अक्षराला एक पत्ता टाकत: सा-प-ड-ला ब-घा तु-म-चा प-त्ता. जोडाक्षर एकच धरायचं. मोजून बघा, अकरा अक्षरं. 'त्ता' म्हणताना जो पत्ता हातात येईल तो टाकू नका, पालथाच धरून ठेवा, आधी त्याला पत्त्याचं नाव मोठ्याने सांगायला लावा आणि मगच उलटा.

हे जमलं की २७ पत्त्यांवर या, कारण खरी मजा तिथे आहे. फ्रेंच गणिती जोसेफ गेर्गोन याने १८१३-१४च्या सुमारास या प्रकारच्या वाटणीचं गणित मांडलं, म्हणून गणितवाले याला त्याच्या नावाने ओळखतात. २७ म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले तीन. त्यामुळे इथे पत्ता मध्यावरच आणावा लागत नाही. १ ते २७ पैकी समोरचा म्हणेल त्या क्रमांकावर आणता येतो.

तीन रांगा, प्रत्येकीत नऊ पत्ते, बाकी कृती तीच. फरक गोळा करण्यात. सांगितलेली रांग वर ठेवली तर तिला शून्य म्हणू, मध्ये ठेवली तर एक, खाली ठेवली तर दोन. वर-खाली हे गड्डी पालथी केल्यानंतरचं आहे, हे विसरलात तर सगळं उलटं होईल. रांगा उताण्या गोळा करताना जी सगळ्यात खाली जाते, तीच पालथं केल्यावर वर येते. सुरुवातीला मी इथे चारदा चुकलो.

समजा त्याने २० हा आकडा मागितला. त्यातून एक वजा करा: १९. आता १९मध्ये नऊ किती वेळा? दोनदा, उरला १. त्या १मध्ये तीन किती वेळा? शून्य. सुटा उरला १. हे आकडे उलट्या क्रमाने वापरायचे. पहिल्यांदा गोळा करताना सुट्यांचा आकडा, म्हणजे १: रांग मध्ये. दुसऱ्यांदा तीनांचा, म्हणजे ०: रांग वर. तिसऱ्यांदा नऊंचा, म्हणजे २: रांग खाली. वरून विसावा पत्ता उलटा, तोच निघेल. आकडा आधी विचारायचा आणि मग तो विषय सोडून द्यायचा. पत्ते तीनदा वाटून होईपर्यंत समोरचा स्वतःचा आकडा विसरलेला असतो, आणि तुम्ही तो आठवण करून देता तेव्हा खरा परिणाम होतो.

दहा आणि वीसच्या मधला आकडा

हा लहानसा आहे, भाकिताचा. कॅट पिसून घ्या, मग 'एखादा जोकर राहिलाय का बघतो' म्हणत चित्रं स्वतःकडे करून चाळा. पालथ्या कॅटाचा वरचा पत्ता आता सगळ्यात मागे असतो. त्या टोकाकडून नववा पत्ता कोणता ते बघा. समजा बदामची राणी. कागदावर 'बदामची राणी' लिहून घडी घाला आणि समोरच्याच्या हातात द्या.

'दहाच्या पुढचा आणि वीसच्या आतला कुठलाही आकडा सांगा.' समजा १६. त्याला स्वतःलाच वरून सोळा पत्ते एकावर एक पालथे टाकू द्या. मग म्हणा, '१६मधले दोन्ही आकडे मिळवा: एक आणि सहा, सात.' आत्ता टाकलेल्या गड्डीतून वरचे सात पत्ते काढून बाजूला ठेवायचे. आता गड्डीच्या वर राहिलेला पत्ता उलटायचा. राणीच.

कुठल्याही अशा आकड्यातून त्याच्या अंकांची बेरीज वजा केली की नऊच उरतात: १३ वजा ४, १९ वजा १०, काहीही घ्या. त्यामुळे हा प्रयोग त्याच माणसांपुढे दुसऱ्यांदा करायचा नाही. 'परत दाखवा, आता मी १२ घेतो' असा आग्रह होणारच. हसून पुढच्या प्रयोगाकडे वळा. आणि आकडा सांगताना 'दहा ते वीस' असं मोघम बोलू नका, कुणीतरी २० म्हणेल आणि तुम्ही अठराव्या पत्त्यावर जाऊन बसाल.

लाल किती, काळे किती

माझा सगळ्यात आवडता हा. कॅनडाच्या स्ट्युअर्ट जेम्स यांच्या एका गाजलेल्या प्रयोगाचं मूळ तत्त्व यात आहे. कॅट संपूर्ण वेळ समोरच्याच्या हातात असतो, तुम्ही पत्त्याला स्पर्शही करत नाही.

आधीच दोन काळे पत्ते पत्त्यांच्या डबीत राहू द्या. बाकीचे ५० पत्ते त्याला द्या आणि मनसोक्त पिसू द्या. एका कागदावर 'लाल पत्ते काळ्यांपेक्षा दोनने जास्त' असं लिहून पालथा ठेवा. आता त्याने लाल किंवा काळा, हवा तो रंग स्वतःसाठी घ्यायचा, उरलेला तुमचा. मग वरून दोन-दोन पत्ते उलटायचे. दोन्ही लाल निघाले तर लालवाल्याच्या ढिगात, दोन्ही काळे तर काळ्यावाल्याच्या, एक लाल एक काळा असेल तर ती जोडी बाद. कॅट संपला की दोघांचे पत्ते मोजा, मग कागद उघडा.

बाद होणारी प्रत्येक जोडी एक लाल आणि एक काळा घेऊन जाते, म्हणजे सुरुवातीला असलेला फरक शेवटपर्यंत तसाच राहतो. २६ लाल, २४ काळे, फरक दोनचा. पत्ते कसेही पिसा, त्याला इलाज नाही.

कुणीतरी 'योगायोग आहे' म्हणणार. तेव्हा तुम्ही खेळ आवरता आवरता सगळे पत्ते डबीत भरलेले असले पाहिजेत. 'बरं, पुन्हा करू' म्हणून डबीतले सगळे पत्ते बाहेर काढा, आता ते ५२ आहेत. पुन्हा पिसू द्या. या वेळचं भाकीत: 'लाल आणि काळे सारखेच.' डबीत दोन पत्ते राहिले होते हे माझ्या अनुभवात तरी कुणाच्याही ध्यानात आलेलं नाही, कारण डबीकडे कोणी बघतच नाही. दोनवर थांबा. तिसऱ्यांदा केलात तर एखादा हुशार माणूस कागद-पेन्सिल मागवेल.

बोटांना रंग कळतात

शेवटच्या प्रयोगाला घरून तयारी लागते. कॅट असा लावा: लाल, काळा, लाल, काळा, असा शेवटपर्यंत. चित्रं कुणाला दाखवू नका. काटायला खुशाल द्या, त्याने क्रम मोडत नाही.

मग समोरच्याला वरून एकेक पत्ता टेबलावर पालथा टाकत साधारण निम्मे पत्ते मोजायला सांगा. 'हवं तिथे थांबा.' आता दोन ढीग झाले: एक त्याने टाकलेला, एक हातात उरलेला. तोही शेजारी ठेवू द्या. आता तो पत्ते मिसळणार, आणि स्वतःच्या मर्जीने. कधी या ढिगाच्या वरचा पत्ता, कधी त्या ढिगाच्या वरचा, कधी एकाच ढिगाचे सलग पाच, असं करत सगळे पत्ते एकेक करून तिसऱ्या ढिगात टाकायचे. कुणालाही वाटेल की आता रंगांचा पार काला झाला.

तो ढीग टेबलाखाली किंवा पाठीमागे घ्या, वरून दोन-दोन पत्ते काढून बाहेर आणा. 'एक लाल, एक काळा.' पुढची जोडी, पुन्हा एक लाल, एक काळा. सव्वीसच्या सव्वीस जोड्या तशाच निघतात. त्या दाखवताना बोटांची टोकं पत्त्यांवरून फिरवा, एखाद्या जोडीशी थोडं अडखळा, 'हा जरा गुळगुळीत लागतोय' असलं काहीतरी बोला. सलग सव्वीस जोड्या सफाईने काढल्या तर हिशोबाचा वास येतो. दहा-बारा जोड्यांनंतर थांबलेलं बरं.

हे चालतं कसं? पत्ते एकेक टाकल्यामुळे पहिल्या ढिगाचा क्रम उलटा झाला, आणि त्याचा वरचा पत्ता व दुसऱ्या ढिगाचा वरचा पत्ता नेहमी वेगवेगळ्या रंगांचे राहिले. त्याने एका ढिगातून लाल उचलला की दोन्ही ढिगांवर आता काळाच आहे, कुठूनही घेतला तरी जोडी पुरी होते. जोडी झाली की परत वरती एक लाल, एक काळा. नॉर्मन गिलब्रेथ या अमेरिकन गणिती-जादूगाराने १९५८मध्ये हे तत्त्व मांडलं. मूळ मांडणीत दोन गड्ड्यांचे कोपरे फर्र करून एकमेकांत सोडायचे असतात. ते येत असेल तर जरूर करा, पण एकदाच. दोनदा पिसलं की सगळं संपलं. नेहमीसारखं, गठ्ठे उचलून वर-खाली करत पिसायला तर कुणाला देऊच नका.

एका बैठकीत किती

तीन पुरे. रंगीत जोड्यांना लावलेला कॅट लागतो, म्हणून तो पहिला किंवा वेगळ्या कॅटाने. मध्ये लाल-काळे, शेवट खूणपत्त्याने, कारण 'मी जो पत्ता उलटा करीन' याइतका हशा बाकी कशालाच मिळत नाही. २७ पत्ते एकाच माणसासोबत बसून करायचा प्रयोग आहे, गर्दीत लोक मोबाईल काढतात.

सराव करताना पत्त्यांपेक्षा बोलण्याचा करा. एकट्याने, मोठ्याने, सगळी वाक्यं म्हणून. 'आता काय करायचं बरं' असा विचार करताना जे दोन क्षण जातात, तेवढ्यात लोक तुमच्या हातांकडे बघायला लागतात. प्रत्येक प्रयोग किमान दहा वेळा न चुकता झाल्याशिवाय कुणापुढे करू नका, आणि २७चा तर वीस वेळा.

गुपित विचारलंच तर सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी लहान मुलांना सांगतो, पण आधी त्यांनी स्वतः तीनदा अंदाज बांधायला हवा या अटीवर. एकाने लाल-काळ्याचं कोडं डबीपर्यंत जाऊन जवळजवळ सोडवलं होतं.

आणि एखादा पत्ता चुकीचा निघालाच, तर सारवासारव करत बसू नका. 'हा प्रयोग तुमच्यावर चालला नाही, दुसऱ्या कुणाला घेऊ' म्हणा, पत्ते गोळा करा आणि खूणपत्त्याला हात घाला. मात्र गोळा करताना खालचा पत्ता बघायला विसरू नका.